कूस वळली, भार तिथेच

बेडच्या पायाशी, लोखंडी दांड्याला सुतळीने बांधलेला पोझिशन चार्ट, म्हणजे कूस बदलल्याच्या नोंदीचा कागद, लटकत होता. रात्री दहाला उजवी, बाराला पाठ, दोनला डावी, चारला उजवी, सहाला डावी. प्रत्येक रकान्यात सही. पॅरालिसिसचा झटका आलेले एक काका त्या बेडवर होते. तोंड डाव्या भिंतीकडे, मागे उशी, अंगावर चादर नीट ओढलेली. दारातून बघणारा कुणीही म्हणाला असता, डाव्या कुशीवर झोपवलंय. सकाळच्या पाळीच्या सिस्टरनी चादर बाजूला केली आणि तळहात वर करून हात त्यांच्या कमरेखाली सरकवला. हात पुढे जाईना. उशी होती ती फक्त खांद्यामागे. मान वळली होती, खांदे वळले होते, कंबर मात्र सपाट गादीवर, माकडहाडावर टेकलेली. तिथली कातडी आजूबाजूपेक्षा गरम लागत होती आणि जरा कडकही. चार्ट खोटा नव्हता. प्रत्येक वेळी कुणीतरी उठून आलं होतं, काकांचा मुलगा आणि मामा या दोघांनी मिळून त्यांना वळवलंही होतं. ज्यासाठी वळवायचं, तेवढं मात्र राहून गेलं होतं.

हयगय झाली असती तर कुणाला तरी दोष देऊन मोकळं होता आलं असतं. इथे रात्रभर जागलेला मुलगा होता, वेळेवर केलेली नोंद होती, आणि तरीही माकडहाडापाशी गरम, कडक झालेली हातभर नाही पण तळहाताएवढी जागा होती. बेडसोअरबद्दल, म्हणजे सतत अंथरुणाला टेकून दबलेल्या जागी होणाऱ्या जखमांबद्दल, बोलताना आपण नेहमी 'दर दोन तासांनी कूस बदला' एवढंच सांगतो. कूस कशी बदलायची, बदलल्यावर भार खरोखर कुठे गेला हे कसं तपासायचं, ते सांगायचं राहतं. आणि आपल्याकडच्या वॉर्डात हे काम बऱ्याचदा नातेवाइकच करतात, ज्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं.

धडधाकट माणूस झोपेत रात्रभर चुळबुळ करत असतो. पाय ओढतो, कूस बदलतो, बैठक जरा उचलून पुन्हा टेकवतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. दबलेल्या जागी रक्त कमी पडू लागलं की ती जागा दुखते आणि ते दुखणंच झोपेत आपल्याला हलवतं. झटका आलेल्याचं, गुंगीत ठेवलेल्याचं, मणक्याला मार लागलेल्याचं हे हलणं थांबतं. केशवाहिन्यांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या, सुरुवातीला रक्ताचा दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. हाड आणि गादी यांच्या चिमटीत सापडलेल्या मांसावर याहून कितीतरी जास्त दाब सहज पडतो. सगळ्यात जास्त दाब हाडालगतच्या मांसावर असतो आणि स्नायू कातडीपेक्षा लवकर मरतो. म्हणून पुष्कळदा सुरुवात आतून होते. हापूस कापल्यावर कोयीपाशी साका निघतो आणि वरची साल निर्मळ पिवळी असते, तसं. आतलं नुकसान वर दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. खुबा मोडलेल्या आजी सोमवारी कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर, मग एक्स-रेच्या टेबलावर, मग ऑपरेशनच्या टेबलावर तासन् तास पाठीवर असतात. जांभळा डाग गुरुवारी वॉर्डात वर येतो आणि बोलणी गुरुवारच्या सिस्टरला बसतात. खरं म्हणजे काळजी स्ट्रेचरवरच सुरू व्हायला हवी. दाखल करतानाच पाठ, टाचा, खुबे बघून जे दिसलं ते लिहून ठेवायला हवं.

आणि तो डाग दिसतोच असंही नाही. पुस्तकातली पहिली पायरी अशी असते: लाल जागा, बोटाने दाबून बोट उचललं तरी क्षणभरही पांढरी न पडणारी. हे वर्णन गोऱ्या कातडीचं आहे. आपल्या सावळ्या, गव्हाळ, काळ्या कातडीवर ती लाली बऱ्याचदा उमटतच नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट किंवा राखाडी झाक आलेली दिसते. कधी नुसतीच चकाकते. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्यात तर तेही नाही. म्हणून आधी हाताची मागची बाजू लावायची. शेजारच्या जागेपेक्षा गरम आहे का, गार आहे का, कडक लागते का, की दाबल्यावर पिचपिचीत लागते, आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तिथे दुखतंय का, हे विचारायचं. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला की सूजही कळते.

डोळ्यांवर भरवसा ठेवून आपल्याकडे फार उशीर होतो.

१९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर अशा माणसांचं मरण ठरलेलं मानत. पाठीच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग यांनी ती दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, कूस बदलायला लावली, आणि ज्यांच्याबद्दल आशा सोडली होती ती माणसं जगू लागली, उठून बसू लागली. १९४८ साली त्याच रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या खेळाडूंनी तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचं मूळ ते. त्याच खेळांत १९७२ साली, हायडलबर्गला, १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकले. रात्री दोन वाजता डोळे चोळत उठणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते क्षुल्लक वाटत असेल, तर त्याला हा इतिहास जरूर सांगावा.

दोन तास हा आकडा मात्र काळ्या दगडावरची रेघ नाही. चांगल्या, दाट फोमच्या गादीवर काहींना तीन-चार तासांनी वळवलं तरी चालतं. हाडांचा सापळा उरलेल्या एखाद्या आजींची कातडी दीड तासातच तक्रार करते. पेशंटला वळवल्यावर ज्या जागेवरचा भार काढला, ती जागा अर्ध्या तासाने पुन्हा बघावी. रंग आणि उष्णता पूर्ववत झाली नसेल तर त्या माणसासाठी तेवढा वेळ जास्त झाला, असं धरून अंतर कमी करायचं.

आता वळवण्याबद्दल. आधी बेड सपाट करायचा. डावीकडे वळवायचं असेल तर पेशंटला अगोदर गादीच्या उजव्या कडेला घ्यायचं. नाहीतर वळवल्यावर नाक कठड्याला टेकतं, आणि मग घाईत कुणीतरी नुसते खांदे वळवून मागे उशी खुपसतं. अपुऱ्या कुशीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. कडेला घ्यायचं ते उचलून, ओढून नाही. खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत आडवी दुमडलेली ड्रॉ शीट खाली असली की दोन बाजूंना दोघं उभे राहतात, तिच्या कडा पेशंटच्या अंगालगत गुंडाळून मुठीत धरतात आणि एकदम उचलून सरकवतात. काखेत हात घालून ओढलं की पाठीची कातडी चादरीवर घासते आणि लुळ्या बाजूचा खांदा निखळायची भीती असते. मग पेशंटचा डावा हात अंगापासून थोडा दूर, उजवा हात छातीवर, उजवा गुडघा दुमडलेला. डावीकडे उभं राहून एक हात त्याच्या उजव्या खांद्यावर, दुसरा उजव्या खुब्यावर ठेवायचा आणि दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे वळवायचे. खुब्यावरचा हात विसरला की काकांसारखं होतं. मणक्याचं हाड मोडलेलं असेल तर हे घरच्यांनी एकट्याने करायचंच नाही. तिथे सिस्टरच्या देखरेखीखाली मान ते पाय एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी वळवावं लागतं.

वळवून झालं की उशी. ती खांद्यापासून कमरेच्या खालपर्यंत, पाठीला लांबीने लागून. कोन साधारण तीस अंशांचा, म्हणजे काटकोनाचा तिसरा हिस्सा. अगदी कुशीवर, पूर्ण काटकोनात ठेवलं तर माकडहाड सुटतं पण सगळं वजन खुब्याच्या टोकदार हाडावर येतं, आणि तिथली जखम माकडहाडाच्या जखमेपेक्षा कमी वाईट नसते. तीस अंशात भार कुल्ल्याच्या मांसल भागावर पसरतो. खालचा खांदा हलकेच पुढे काढून घ्यायचा, दोन गुडघ्यांच्या मधे उशी ठेवायची म्हणजे हाडावर हाड टेकत नाही, घोटेही एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत. खालचा कान दुमडलेला नाही ना, लघवीची नळी मांडीखाली दबली नाही ना, चादरीला सुरकुती नाही ना, सुईचं टोपण किंवा बिस्किटाचा तुकडा खाली राहिला नाही ना, हे चाचपायचं. आणि सगळ्यात शेवटी तळहात वर करून कमरेखाली घालायचा. माकडहाड आणि गादी यांच्यामध्ये हात मोकळा फिरला पाहिजे. अडला, तर काम झालेलं नाही. कंबर हलकेच पुढे घेऊन उशी पुन्हा लावायची. एका बेडला एकच उशी मिळते तिथे घरून आणलेली जुनी गोधडी घट्ट गुंडाळून पाठीमागे लावली तर ती कापसाच्या बसक्या उशीपेक्षा बरी टिकते.

हे सगळं करून पेशंटला नीट ठेवावं आणि मग कुणीतरी जेवणासाठी बेडचं डोकं वर करावं, तर अर्धी मेहनत वाया जाते. डोकं वर केलं की माणूस हळूहळू पायाकडे घसरतो. बाहेरची कातडी चादरीला धरून जागच्या जागी राहते, आतलं हाड खाली सरकतं, आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या, पिळल्या जातात. नुसत्या दाबापेक्षा दाब आणि हा ताण मिळून फार लवकर घात करतात. म्हणून एरवी डोकं तीस अंशांच्या वर ठेवू नये. पण रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड (पातळ अन्न) देताना आणि त्यानंतर अर्धा ते एक तास डोकं वर हवंच, नाहीतर फीड उलटून फुप्फुसात जायचा धोका. एकाच पेशंटच्या छातीची काळजी एक सांगते, पाठीची काळजी दुसरं. यातून वाट अशी: कूस फीडच्या आधी बदलायची, नंतर नाही. डोकं वर करण्याआधी बेडचा गुडघ्याकडचा भाग उचलायचा, तशी सोय नसेल तर मांड्यांखाली उशी घालायची, म्हणजे घसरण अडते. डोकं वर केल्यावर पेशंटला क्षणभर पुढे वाकवून पाठ गादीपासून सोडवायची. ताणलेली कातडी जागेवर येते. फीडनंतरचा वेळ संपला की डोकं खाली आणायचं हे कुणीतरी लक्षात ठेवून करायचं. दुपारच्या फीडला वर केलेलं डोकं संध्याकाळच्या फीडपर्यंत तसंच राहिलेलं अनेक वॉर्डांत दिसतं.

टाचांची गोष्ट सोपी आहे, आणि तरी ती सुटते. टाचेला हाड आणि कातडी यांत चरबीचा थर पातळ, टेकायची जागा लहान. पोटरीखाली उशी लांबीने ठेवायची, गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत, गुडघा किंचित वाकलेला. टाच अधांतरी राहिली पाहिजे. गादी आणि टाच यांच्यातून कागद आरपार गेला पाहिजे. उशी फक्त घोट्याखाली घातली तर टाच सुटते पण टाचेमागच्या जाड शिरेवर (टेंडनवर) भार येतो. मधुमेही पेशंटला टाचेचं दुखणं कळतच नाही, त्यामुळे त्यांचे मोजे रोज काढून बघायचे.

टाचेखाली पाण्याने भरलेला हातमोजा ठेवायची चाल अजून आहे. त्यामागचं प्रेम कळतं, पण तो मोजा चिंचोळा असतो, घरंगळतो, फुटतो, आणि टाचेच्या लहानशा जागेवरचा दाब पसरवतच नाही. हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये मिळणारी रबरी रिंगही तशीच. भोक पडलेल्या जागी आराम मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात रिंगच्या कडेने सभोवतालच्या वाहिन्या दबतात आणि मधली जागा सुजते. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळणं हे पिढ्यान् पिढ्या बॅक केअर म्हणून शिकवलं गेलं. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते, पावडरचे घामात गोळे होऊन ते घड्यांत बसतात, आणि गरम झालेल्या हाडावर चोळलं की आतलं दुखावलेलं मांस आणखी तुटतं. चोळायचंच असेल तर हाडं सोडून, हलक्या हाताने, तेल किंवा साधं क्रीम. गरम, गडद झालेल्या जागेला भारापासून सुटका हवी असते, मालिश नको असतं.

ओल हा आणखी एक शत्रू. एकच डायपर रात्री आठला लावून सकाळी सहाला काढणं म्हणजे दहा तास भिजलेली कातडी. प्रत्येक वेळी कूस बदलताना डायपर उघडून बघायचा. संडास झाली असेल तर कोमट पाणी, मऊ कापड, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं. पुढच्या वेळी सगळं मलम खरवडून काढायची गरज नाही, मळलेला थर तेवढा पुसायचा. बेडवरची मॅकिंटॉश रबर शीट गादी वाचवते, पेशंटला मात्र घामाने भिजवते. तिच्यावर नेहमी कोरडी सुती चादर हवी.

एअर बेड घेतला म्हणजे सुटलो, असं बऱ्याच घरांना वाटतं. पंपाने आळीपाळीने फुगणाऱ्या-बसणाऱ्या नळ्यांची गादी चांगलीच, पण ती कूस बदलण्याच्या जोडीला, तिच्या जागी नाही. पंपावरचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे ठेवायचं. कमाल आकड्यावर ठेवलं तर गादी दगडासारखी होते. तपासायचं पुन्हा हातानेच: एअर बेडच्या खाली, माकडहाडाच्या रेषेत हात घालायचा, वर साधारण अडीच सेंटिमीटर फुगलेली हवा लागली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. ही गादी नेहमीच्या गादीवर पसरायची, थेट लोखंडावर किंवा फळीवर नाही. वर एकच चादर, सैल. त्यावर रजई, दुहेरी चादर, डायपर पॅड असे थर चढवले की हवेचा उपयोग उरत नाही. वीज गेली की पंप थांबतो. तेव्हा हवा तपासायची आणि कूस लवकर लवकर बदलायची.

नळ्या आणि पट्ट्याही जखमा करतात. ऑक्सिजनच्या नळीचा कानामागचा भाग, बायपॅपच्या (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या) मास्कखालचं नाकाचं हाड, रायल्स ट्यूबची नाकपुडी, प्लास्टरच्या कडा रोज बघायच्या. कोविडच्या काळात पालथं झोपवलेल्यांच्या गालांवर आणि हनुवटीवर झालेल्या जखमा अनेकांनी पाहिल्या आहेत.

खाण्याचं मात्र आपण अगदीच सोडून देतो. पेज, नारळपाणी, वरणाच्या वरचं पाणी, चहा-बिस्किट यांवर आठवडा काढलेल्या माणसाची कातडी टिकणार कशी? धोका असलेल्या प्रौढाला दर किलो वजनामागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला सुमारे ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात साधारण तेवढीच. हिशेब मांडून बघितला की डाळीच्या पाण्याने काहीच साधत नाही हे लगेच कळतं. घट्ट वरण, अंडी, पनीर, दही, गरज असेल तर प्रथिनांची पावडर फीडमध्ये. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारायचं.

धोका मोजायच्या पद्धती आहेत. १९८७ची ब्रेडन मोजणी सहा गोष्टी बघते: संवेदना, ओल, चालणं-फिरणं, बेडवर हलणं, आहार, घासणं-घसरणं. ६ ते २३ गुण, जितके कमी तितका धोका जास्त. नुसती बेरीज लिहून फाइल बंद केली तर तिचा उपयोग नाही. कुठल्या रकान्यात गुण कमी पडले ते बघून त्या दिवशीचं काम ठरवायचं, यासाठी ती आहे.

काही पाठी मात्र लाजेमुळे बघितल्या जात नाहीत, आणि याचं फार वाईट वाटतं. वडिलांजवळ मुलगी बसलेली, सासऱ्यांजवळ सून, आईजवळ मुलगा. अंग पुसलं जातं, केस विंचरले जातात, भरवलं जातं. गाऊन कमरेच्या वर कुणी उचलत नाही. वास येऊ लागल्यावर उचलला जातो. इथे सिस्टरनी पडदा ओढून, पहिल्याच दिवशी, "या, आपण दोघी मिळून बघू" एवढं म्हटलं तरी तो संकोच मोडतो. दुसरी अडचण मायेची. "आत्ता कुठे डोळा लागलाय, सिस्टर, नका ना हलवू." त्या विनवणीपुढे कुणाचंही मन विरघळतं. वळवताना दुखत असेल तर अर्धा तास आधी वेदनेचं औषध देता येतं का ते विचारावं. झोप मोडू नये म्हणून पूर्ण वळवण्याऐवजी पाठीमागची उशी थोडी काढून, थोडी सारून भार हलवता येतो. आणि अखेरच्या दिवसांत, शरीर मिटत आलेलं असताना, सगळं नीट करूनही कातडी कधी कधी हार मानते. अशा घरातल्या माणसांना नंतर वर्षानुवर्षं अपराधी वाटत राहतं. तेव्हा घड्याळापेक्षा त्या माणसाला काय सोसवतंय ते बघून वळवणं हीच चांगली शुश्रूषा असते, हे त्यांना कुणीतरी डॉक्टरने किंवा सिस्टरने वेळेवर सांगायला हवं.

घरी नेताना डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, पाठीबद्दल ओळही नसते. ती मागून घ्यावी. निघण्याआधी सिस्टर आणि घरचं माणूस यांनी मिळून माकडहाड, दोन्ही खुबे, दोन्ही टाचा, डोक्याची मागची बाजू बघावी. काही असेल तर जागा, लांबी-रुंदी आणि तारीख लिहावी. कूस वळवून, उशी लावून, हात घालून तपासणं हे घरच्या माणसाकडून वॉर्डातच एकदा करवून घ्यावं. रात्री दहा, बारा, दोन, चारला कोण उठणार, त्याच्या मदतीला दुसरं कोण, हे गाडीत बसायच्या आधी ठरवावं. व्हीलचेअरवर किंवा खुर्चीत बसवलं तर दर पंधरा मिनिटांनी बैठक उचलायची किंवा एका बाजूला झुकवायची, आणि एका वेळी तासापेक्षा जास्त बसवून ठेवायचं नाही. जागा काळी पडली, कातडी सुटली, पाणी किंवा पू आला, वास आला, ताप आला, तर मलम लावून वाट बघत न बसता त्याच दिवशी दाखवायचं.